हरद्वार–हृषीकेश यात्रा
हरद्वार–हृषीकेश यात्रा : उत्तराखंड राज्यातील गंगाकाठच्या दोन तीर्थक्षेत्रांची यात्रा. अंतर सु. २५ किमी. असल्याने ती बहुधा दिवसभरात उरकते. हृषीकेशला स्नान नदीच्या मूळ पात्रात होते. हरद्वारच्या ‘हर की पौडी’ घाटावरील धारेचा प्रश्न मात्र वादाचा ठरला. १८५४ मध्ये गंगा कालवा सुरू झाला. पुढे बंधाऱ्याच्या नव्या कामाने धार अडेल, या भीतीने मदनमोहन मालवीय यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. बांधलेल्या पाण्यातील स्नान भाविकांना मान्य नव्हते. १९१६ मध्ये शासनाने अखंड प्रवाहाची अट स्वीकारली. तथापि २०१६ मध्ये राज्य शासनाने याच धारेस कालव्याचा फाटा ठरविले. पुरोहितांच्या दीर्घ विरोधानंतर २०२० मध्ये तो आदेश रद्द झाला.