कुत्र्यासोबत डोंगरात कॅम्पिंग: गोचीड चावल्यास काय करावे?

शनिवार-रविवारी कॅम्पर व्हॅन घेऊन सह्याद्रीत गेलात, की गवतातून हिंडणारा कुत्रा अंगावर गोचीड घेऊन येऊ शकतो. रात्री तो गाडीत तुमच्याजवळच झोपतो. गोचीड चावल्यामुळे माणसाला रिकेट्सियाचा ताप येऊ शकतो.

काय काळजी घ्याल?
• निघण्यापूर्वी पशुवैद्यकांकडून कुत्र्याला गोचीड प्रतिबंधक औषध द्या.
• गाडीत घेताना त्याचे कान, मान, काखा आणि बोटांमधली जागा तपासा. स्वतःचे अंगही पाहा.
• चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ ओढा. तेल, रॉकेल लावू नका, चटका देऊ नका, बोटांनी चिरडू नका. नंतर जागा साबणाने धुवा.

डॉक्टरांकडे कधी जावे?
दोन आठवड्यांत ताप, तीव्र डोकेदुखी किंवा तळहात-तळपायांवर पुरळ आल्यास लगेच जा आणि सहलीबद्दल आवर्जून सांगा. पुरळाची वाट पाहू नका. डॉक्सिसायक्लिन वेळेत सुरू झाल्यास रुग्ण सहसा बरा होतो. उशीर झाल्यास मूत्रपिंड, फुफ्फुसे, मेंदूवर परिणाम होऊ शकतो.

दोडामार्ग किंवा सत्तरीच्या जंगलात गेला असाल तर तेही सांगा. तिथे गोचिडीमुळेच माकडताप होतो, त्याची तपासणी वेगळी असते.