नव्या करारातून वगळलेले ग्रंथ : निवडीचे निकष आणि त्यामागील वाद

बायबलच्या नव्या करारात २७ पुस्तके आहेत. नेमकी हीच २७ पुस्तके, कमी नाहीत की अधिक नाहीत, अशी यादी आपल्याला प्रथम आढळते ती इ. स. ३६७ मध्ये. अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस हे ईस्टर सणाच्या निमित्ताने इजिप्तमधील ख्रिस्ती मंडळ्यांना दरवर्षी पत्र पाठवीत असत. त्या मालिकेतील एकोणचाळिसाव्या पत्रात ही यादी आहे. येशूचा मृत्यू इ. स. ३० च्या सुमारास झाला असे धरले, तर मध्ये जवळजवळ ३४० वर्षे जातात. या दीर्घ काळात ख्रिस्ती लोक अनेक पुस्तके वाचीत होते, त्यांच्या नकला करीत होते, त्यांवरून भांडतही होते. त्यांतील काही पुस्तके राहिली आणि बरीचशी गळाली. ती का गळाली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. इ. स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने नायसिया येथे सभा भरविली आणि तेथे मते घेऊन नको असलेली पुस्तके बाद केली, असे विधान आपल्याकडील भाषणांतून व लेखांतून वारंवार केले जाते. त्याला आधार नाही. नायसियाच्या सभेपुढील मुख्य प्रश्न एरियसच्या मताचा आणि ईस्टरच्या तिथीचा होता. तिने केलेल्या २० नियमांत पुस्तकांची यादी नाही. वेदीजवळ सर्व ग्रंथ ठेवले आणि खोटे ग्रंथ आपोआप खाली पडले, ही कथा बऱ्याच नंतरच्या एका ग्रीक संकलनात येते. परधर्माचे परीक्षण करण्याचा अधिकार आपल्याला अवश्य आहे. परंतु ज्या काटेकोरपणाने आपण आपले ग्रंथ तपासतो, तोच काटेकोरपणा तेथेही पाळला पाहिजे. शिवाय खरा इतिहास या दंतकथेपेक्षा अधिक बोधक आहे.

तो कसा घडला याचे एक उत्तम उदाहरण सुदैवाने शिल्लक आहे. इ. स. २०० च्या आसपास सेरापियन नावाचे गृहस्थ सिरियातील अंत्युखियाचे बिशप होते. समुद्रकाठच्या ऱ्होसस या गावी ते गेले असता तेथील मंडळीत ‘पेत्राचे शुभवर्तमान’ वाचावे की नाही यावरून वाद चाललेला त्यांना दिसला. तंटा एवढाच असेल तर खुशाल वाचा, असे त्यांनी सांगितले. विशेष हे, की त्यांनी स्वतः ते पुस्तक तोपर्यंत वाचलेले नव्हते. पुढे त्या मंडळीतील काही जण वेगळ्या मताचे आहेत, असे त्यांच्या कानांवर आले. हे मत असे, की ख्रिस्ताचे शरीर खरे नव्हतेच, त्याचा केवळ भास होता, म्हणून त्याला वेदनाही झाल्या नाहीत. तेव्हा सेरापियननी त्याच मताच्या लोकांकडून पुस्तकाची प्रत मागवून घेतली, ती वाचली आणि परवानगी मागे घेतली. त्यांच्या पत्रातील उतारा युसेबियस या इतिहासकाराने जतन केला आहे. पुस्तकाचा बहुतेक भाग योग्यच आहे, मात्र काही गोष्टी मागाहून जोडलेल्या आहेत, असा त्यांचा निर्वाळा होता. १८८६-८७ च्या हिवाळ्यात वरच्या इजिप्तमध्ये अखमीम येथील एका थडग्यात या शुभवर्तमानाचा म्हणून ओळखला जाणारा तुकडा सापडला. त्यात ख्रिस्त वधस्तंभावर जणू काही वेदनाच नसल्याप्रमाणे मौन राहतो.

या प्रसंगात क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी माणसांविषयी संशय आला, मग पुस्तक तपासले गेले, आणि शेवटी हे पेत्राचे नव्हेच असे ठरले.

ख्रिस्ती आचार्य तीन कसोट्या सांगत. ग्रंथ येशूच्या प्रेषिताने किंवा त्याच्या निकटच्या सहकाऱ्याने लिहिलेला असावा. तो परंपरेने आलेल्या श्रद्धासूत्राशी जुळावा. आणि तो सर्वत्रच्या मंडळ्यांत वाचला जात असावा. दुसरी कसोटी वाचताना पालीच्या अभ्यासकाला महापरिनिब्बानसुत्तातील चार महापदेसांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. कोणी काहीही बुद्धवचन म्हणून सांगितले, तरी ते सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावे, असे तेथे म्हटले आहे. आणि राजगृहाच्या संगीतीनंतर दक्षिणागिरीहून आलेले थेर पुराण, ‘थेरांनी संगायन उत्तम केले, पण मी स्वतः जसे ऐकले तसेच धारण करीन’ अशा आशयाचे उत्तर देतात, हे चुल्लवग्गात नोंदलेले आहे. असा पुराण प्रत्येक परंपरेत असतो. त्याची नोंद ठेवली जाते की नाही, एवढाच फरक.

पहिल्या कसोटीने काही ग्रंथ सरळ बाहेर गेले. ‘हर्मासचा मेंढपाळ’ हे पुस्तक दुसऱ्या शतकात अत्यंत लोकप्रिय होते. चौथ्या शतकातील प्रसिद्ध सिनाई हस्तलिखितात ते आणि ‘बर्णबाचे पत्र’ ही दोन्ही नव्या कराराच्या शेवटी लिहिलेली आहेत. हर्मासच्या शिकवणीत धक्कादायक असे फारसे नव्हते. तरीही, १७४० मध्ये मुरातोरी या विद्वानाने प्रसिद्ध केलेल्या प्राचीन लॅटिन यादीत त्याबद्दल स्पष्ट म्हटले आहे, की हे पुस्तक अलीकडचे आहे, रोमचा बिशप पायस याच्या भावाने ते लिहिले. म्हणून खाजगी वाचनास हरकत नाही, पण मंडळीपुढे प्रेषितांच्या ग्रंथांत ते वाचू नये. येथे दडपशाही दिसत नाही. हा कालनिर्णयाचा प्रामाणिक प्रश्न होता.

पण हीच कसोटी सर्वांना सारखी लावली गेली काय? इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा कर्ता कोण, हे देवालाच ठाऊक, असे तिसऱ्या शतकात ऑरिजेनने म्हटले होते. ते पत्र आत राहिले. ‘प्रकटीकरण’ आणि योहानाचे शुभवर्तमान यांची भाषाशैली एका लेखकाची असू शकत नाही, हे अलेक्झांड्रियाच्या डायोनिसियसने त्याच शतकात दाखवून दिले. ‘प्रकटीकरण’ही आत राहिले. पेत्राचे दुसरे पत्र पेत्राचे नाही, असे आज बहुतेक ख्रिस्ती संशोधकच मानतात. यहूदाच्या छोट्या पत्रात तर हनोखाच्या ग्रंथातील वचन आधार म्हणून घेतले आहे. पत्र प्रमाण ठरले, आणि हनोखाचा ग्रंथ इथिओपियाचे चर्च वगळता जवळजवळ सर्वत्र अप्रमाण ठरला.

याहून बोलके उदाहरण पौलाच्या नावाभोवतीचे आहे. दुसऱ्या शतकात ‘पौलाची कृत्ये’ नावाचा ग्रंथ आशिया मायनरमध्ये लिहिला गेला. त्यात थेक्ला नावाच्या तरुणीची कथा आहे. इकुन्या नगरातील ही मुलगी पौलाचे प्रवचन ऐकते, ठरलेले लग्न मोडते, रिंगणात हिंस्र पशूंपुढे टाकली जाते, तेथे स्वतःच स्वतःचा बाप्तिस्मा करते आणि पुढे धर्मोपदेश करीत फिरते. इ. स. २०० च्या सुमारास कार्थेजच्या टर्टुलियनने बाप्तिस्म्यावरील आपल्या ग्रंथात या पुस्तकावर हल्ला चढविला. त्याचे कारण त्याने लपविले नाही : काही स्त्रिया थेक्लाचा दाखला देऊन शिकविण्याचा आणि बाप्तिस्मा देण्याचा अधिकार मागत होत्या. हे पुस्तक आशियातील एका वडिलाने रचले, पौलावरील प्रेमापोटी आपण ते केले अशी त्याने कबुली दिली आणि त्याला पद सोडावे लागले, अशी माहितीही टर्टुलियनच देतो.

आता तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र पाहावे. स्त्रीने शिकवू नये, निमूटपणे शिकावे, अशी त्यात आज्ञा आहे. हे पत्रही पौलाच्या नावावर आहे, आणि तेही पौलाचे नसून नंतरच्या कोणीतरी त्याच्या नावाने लिहिले, असे आधुनिक संशोधकांपैकी बहुसंख्यांचे मत आहे. म्हणजे एकाच प्रेषिताच्या नावावर दुसऱ्यांनी लिहिलेले दोन ग्रंथ समोर होते. एकात स्त्री उपदेश करते, दुसऱ्यात तिला उपदेशाची मनाई आहे. पहिल्याच्या कर्त्याला शिक्षा झाली, दुसऱ्याचे पत्र धर्मशास्त्र झाले. टर्टुलियनला दुसऱ्याचे कर्तृत्व संशयास्पद वाटले नाही, हे खरे. त्याने जाणूनबुजून खोटे स्वीकारले, असे मी म्हणणार नाही. परंतु कोणाला कशाचा संशय येतो आणि कशाचा येत नाही, हेही त्या त्या काळातील अधिकाराच्या रचनेवर अवलंबून असते.

उलट बाजूने, वगळलेले सर्व ग्रंथ समतेचे पुरस्कर्ते होते असे समजण्याचेही कारण नाही. १९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादीजवळ शेतकऱ्यांना कॉप्टिक भाषेतील हस्तलिखित पोथ्या सापडल्या; त्यांची संख्या १३ मोजली जाते. त्यांत नॉस्टिक पंथाचे अनेक ग्रंथ आहेत. (ज्या ‘ग्नोसिस’ शब्दावरून हे नाव आले, त्याचा आणि पालीतील ‘ञाण’ या शब्दाचा धातू मुळात एकच.) त्यांतील ‘थोमाचे शुभवर्तमान’ म्हणजे येशूची ११४ वचने, जन्मकथा नाही, चमत्कार नाहीत, वधस्तंभ नाही. त्याच्या अखेरच्या वचनात, स्त्रिया जीवनास पात्र नसल्याने मरीयेला आपल्यातून घालवावे असे पेत्र म्हणतो, आणि येशू उत्तर देतो की मी तिला पुरुष करीन. मरीयेचा बचाव येथे होतो, पण तिचे स्त्रीत्व पुसून. हा ग्रंथ बाहेर राहण्याचे कारण वेगळे होते. तारणासाठी अंतर्ज्ञान पुरेसे असेल, तर बिशप, संस्कार आणि हुतात्म्यांचे रक्त यांची आवश्यकता काय, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. हा प्रश्न तात्त्विक चर्चेपुरता नव्हता. इ. स. ३०३ मध्ये डायोक्लेशियनच्या आज्ञेने ख्रिस्ती ग्रंथ जप्त करून जाळण्यात येऊ लागले आणि उत्तर आफ्रिकेतील सिर्टा नगरात मंडळीच्या वाचकांच्या घरोघरी झडत्या झाल्या. त्या वेळी कोणते पुस्तक शिपायाच्या हाती द्यावे आणि कोणत्यासाठी प्राण द्यावेत, हे ठरविणे भाग होते.

अथानासियसच्या ३६७ च्या पत्रात ‘मेंढपाळ’ आणि ‘डिडाखे’ ही पुस्तके नवागतांना वाचण्यास मोकळी ठेवली आहेत. इतर अपॉक्रिफा, म्हणजे ‘गुप्त’ ग्रंथ, पाखंड्यांची रचना म्हणून धिक्कारले आहेत. नाग हम्मादीच्या पोथ्या जवळच्या मठातील भिक्षूंनी या पत्रानंतर पुरल्या असाव्यात, असा तर्क काही विद्वान करतात. तो सिद्ध झालेला नाही. यादी मात्र सर्वत्र एकदम मान्य झाली नाही. सिरियन ख्रिस्त्यांच्या पेशित्ता या प्राचीन भाषांतरात नव्या कराराची २२ च पुस्तके होती, आणि केरळातील जुन्या ख्रिस्ती समाजाकडे धर्मशास्त्र आले ते याच परंपरेतून. रोमन चर्चने प्रमाणग्रंथांची यादी श्रद्धेचा बंधनकारक भाग म्हणून ठरविली ती ट्रेंटच्या परिषदेत, १५४६ मध्ये.

थेक्लेचे पुस्तक यादीत आले नाही, तरी ते वाचले जात राहिले. इ. स. ३८४ मध्ये, अथानासियसच्या पत्रानंतर १७ वर्षांनी, एगेरिया नावाची एक पश्चिमेकडील स्त्री जेरुसलेमची यात्रा करून परत निघाली असता आजच्या तुर्कस्तानातील सेल्युकिया नगराजवळ थेक्लेच्या स्मृतिस्थानी थांबली. तेथे स्त्रियांचे आणि पुरुषांचे अनेक मठ होते, आणि स्त्रियांच्या मठांची प्रमुख तिच्या परिचयाची होती. तेथे आपण प्रार्थना केली आणि थेक्लेची कृत्ये वाचली, असे तिने आपल्या प्रवासवृत्तात लिहून ठेवले आहे.