वाबानाकी मूळगदा : ओळखीच्या खुणा आणि अस्सलतेचा प्रश्न

प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ईशान्य टोकाचे मेन राज्य आणि त्याला लागून असलेले कॅनडाचे न्यू ब्रुन्स्विक व नोव्हा स्कोशिया हे प्रांत म्हणजे वाबानाकी लोकांच्या मूळ प्रदेशाचा मोठा भाग होय. त्यांच्या भाषेत ‘वाबान’ म्हणजे पहाट आणि ‘अकी’ म्हणजे भूमी. सूर्य जेथे प्रथम उगवतो त्या भूमीचे लोक, असा या नावाचा अर्थ होतो. पेनॉबस्कॉट, पॅसमाक्वॉडी, मॅलिसीट, मिकमॉ आणि अबेनाकी या समाजांचा अंतर्भाव या नावात केला जातो. कोवळ्या झाडाच्या मुळापासून कोरलेली लाकडी गदा ही या लोकांच्या, त्यातही विशेषतः पेनॉबस्कॉट व पॅसमाक्वॉडी कारागिरांच्या हस्तकलेची ठळक खूण समजली जाते. मात्र अमेरिकेतील जुन्या संग्रहांत अशा गदांची नोंद अनेकदा ‘इंडियन युद्धगदा’ एवढीच आढळते. कोणत्या समाजाची, कोणत्या काळातील आणि कोणाच्या हातची, या तीनही प्रश्नांवर नोंदपत्रिका मौन पाळते. प्रस्तुत लेखात या गदा ओळखण्याची साधने कोणती आणि त्या साधनांच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार केला आहे.

प्रथम संज्ञेविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. मराठी वाचकाच्या मनात ‘गदा’ या शब्दासरशी भीम किंवा मारुती उभा राहतो आणि त्याच्या हातातील गोल, घडीव, बहुधा धातूचे डोके दिसू लागते. वाबानाकी गदेचे डोके असे घडवलेले नसते. ते झाडाने दिलेले असते. म्हणून येथे ‘मूळगदा’ हा शब्द योजला आहे. त्यातील ‘मूळ’ म्हणजे झाडाचे मूळ. ‘मूळची’, म्हणजे अस्सल, हा दुसरा अर्थ त्यात अभिप्रेत नाही. पण या वस्तूंविषयीचा सारा वाद त्या दुसऱ्या अर्थाभोवतीच फिरत आला आहे, हा योगायोग लक्षणीय म्हणावा लागेल.

रचना आणि घडण

मूळगदेसाठी कोवळे झाड मुळांसकट उपटून किंवा खणून काढले जाते. बर्च, त्यातही करड्या सालीचा बर्च, हे यासाठी विशेष पसंतीचे झाड होय. मग झाड उलटे धरले जाते. खोडाची मूठ होते आणि मुळांचा गड्डा डोक्याच्या जागी येतो. चहूबाजूंनी फुटलेली मुळे आखूड छाटून त्यांची टोके तासली की त्यांचे अणकुचीदार काटे बनतात. खोड आणि मुळे जेथे मिळतात तेथे लाकडाचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे तो भाग सहजासहजी चिरत नाही. शस्त्र म्हणून या आकाराची निवड का झाली असावी, याचे उत्तर या गुंत्यात आहे. गदेची लांबी बहुधा दोन-अडीच फुटांच्या आसपास असते.

याच गड्ड्यात कारागीर चेहरा शोधतो. एखाद्या फुगवट्यात माणसाचे कपाळ आणि नाक दिसते, तर एखाद्या बाजूला वळलेल्या मुळात पक्ष्याची चोच किंवा सापाचे तोंड. कोरीवकाम मुळाच्या नैसर्गिक वळणाला अनुसरून होत असल्याने कोणत्याही दोन मूळगदा सारख्या नसतात. एकाच साच्यातून निघाल्यासारख्या, सममित काट्यांच्या गदा समोर आल्या तर अभ्यासकाने सावध व्हावे. डोक्याला वेगळे तुकडे चिकटवून किंवा खिळे ठोकून काटे केले असतील तर ती वस्तू या परंपरेतील असण्याची शक्यता फारच थोडी राहते.

मुठीवर पुष्कळदा खाचकाम असते. सुरीच्या टोकाने लाकडाचे छोटे त्रिकोणी टवके उडवून रेषा, जाळी आणि दातेरी पट्टे उमटवले जातात. काही गदांवर दोन विरुद्ध दिशांना वळणाऱ्या वक्ररेषांची जोडी आढळते. ईशान्य भागातील अल्गोंक्वियन कुळाच्या समाजांमध्ये ही नक्षी किती दूरवर पसरली आहे हे मानवशास्त्रज्ञ फ्रँक स्पेक यांनी १९१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. बर्चच्या सालीच्या वस्तू, मणीकाम आणि लाकूडकाम या तिन्हींमध्ये ती दिसते. अर्थात नक्षी एवढी दूर पसरलेली असल्यामुळेच केवळ तिच्या आधारे गदा पेनॉबस्कॉट की पॅसमाक्वॉडी, हे ठरवता येत नाही. नक्षी प्रदेश सांगते; गाव सांगत नाही.

हत्याराच्या खुणा यापेक्षा अधिक बोलक्या आहेत. या भागातील कारागिरांचे मुख्य साधन म्हणजे वाकडी सुरी. तिचे पाते टोकाशी वळलेले असते आणि मूठ तिरकी. ती तळहात वर करून धरतात व आपल्या अंगाकडे ओढत चालवतात. युरोपीयांशी व्यापार सुरू झाल्यावर पात्यांसाठी पोलाद मिळू लागले. जुन्या कानशी झिजवूनही पाती केली जात. अशा सुरीने तासलेल्या पृष्ठावर लांबट, किंचित खोलगट पैलू उमटतात. तिरप्या प्रकाशात ते स्पष्ट दिसतात. यंत्राच्या फिरत्या पात्याचे किंवा घासपट्टीचे ओरखडे त्यांच्याहून अगदी निराळे असतात. संग्रहालयात काचेआडून वस्तू पाहणाऱ्याला हा पुरावा सहसा मिळत नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

शेजाऱ्यांच्या गदा

मूळगदेची गल्लत प्रामुख्याने गोलमस्तकी गदेशी होते. हिच्या टोकाला लाकडाचा घोटीव गोळा असतो, मूठ वळणदार असते आणि कधीकधी एखादा प्राणी तो गोळा जबड्यात धरून आहे असे कोरलेले असते. इरोक्वॉय समाजांबरोबरच ईशान्येकडील अनेक समाजांत ती प्रचलित होती. बंदुकीच्या दस्त्यासारखी चपटी व कोनात वळलेली तिसऱ्या प्रकारची गदा मुख्यतः पंचसरोवरांच्या आणि उत्तर मैदानी प्रदेशांच्या संग्रहांत आढळते. हे प्रकार वेगळे ओळखणे आकारावरून अवघड नाही. अडचण होते ती दंतकथांमुळे.

याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘किंग फिलिपची गदा’. वाम्पानोआग नेता मेटाकॉम याला इंग्रज किंग फिलिप म्हणत. १६७५-७६ च्या युद्धात तो मारला गेला. मॅसॅच्युसेट्समधील फ्रूटलँड्स संग्रहालयात असलेली एक गोलमस्तकी गदा त्याची म्हणून दाखवली जात असे. ती १९७० साली चोरीस गेली आणि १९९० च्या दशकात परत मिळाली. वाम्पानोआग हे वाबानाकी नव्हेत, तेव्हा या गदेचा प्रस्तुत विषयाशी थेट संबंध नाही. परंतु एखाद्या गाजलेल्या नावाची चिठ्ठी वस्तूला चिकटली की तिच्या लाकडाकडे, घडणीकडे आणि हस्तांतराच्या कागदपत्रांकडे कोणी पाहीनासे होते, हे या उदाहरणातून कळते. न्यू इंग्लंडमधील अनेक घराण्यांनी आपल्या माळ्यावरील गदांना अशीच युद्धांची वंशावळ जोडली.

काळनिर्णयाची अडचण

लिखित पुरावा जुना आहे, पण तोकडा आहे. फ्रेंच प्रवासी सॅम्युएल द शाँप्लँ याने १६०५ साली साको नदीच्या मुखाशी राहणाऱ्या लोकांच्या शस्त्रांत भाले व धनुष्यबाण यांच्याबरोबर गदांचाही उल्लेख केला आहे. त्या गदा मुळाच्या होत्या की गोलमस्तकी, हे तो सांगत नाही. पुढे बंदूक आणि लोखंडी कुऱ्हाड आली तसे लढाईतील गदेचे महत्त्व ओसरत गेले. मॅसॅच्युसेट्सचा प्रभारी गव्हर्नर स्पेन्सर फिप्स याने १७५५ साली पेनॉबस्कॉट स्त्री-पुरुषांच्या व मुलांच्या डोक्यांवर इनाम जाहीर केले, तेव्हा हा संघर्ष दोन्ही बाजूंनी बंदुकीचा झालेला होता.

प्रयोगशाळेकडूनही येथे फारशी मदत होत नाही. झाडाच्या वर्तुळांवरून काळ ठरवायचा तर वर्तुळे पुरेशी हवीत. मूळगदा कोवळ्या झाडाची असल्याने ती मूठभरही नसतात. किरणोत्सारी कार्बनची पद्धत सुमारे १६५० नंतरच्या तीन शतकांत एकच निश्चित काळ देऊ शकत नाही, अनेक संभाव्य काळ देते. उपलब्ध गदांपैकी बहुसंख्य याच तीन शतकांतील असणार. सूक्ष्मदर्शकाखाली लाकडाची जात मात्र ओळखता येते. बर्चच्या वाहिन्यांच्या टोकांशी शिडीच्या पायऱ्यांसारखी छिद्ररचना दिसते, मेपलमध्ये ती साधी व मोकळी असते. पण त्यावरून झाड कळते, काळ नव्हे.

म्हणून काळनिर्णयासाठी पुन्हा कोरीवकामाकडे वळावे लागते. आणि तेथे या लेखातील सर्वांत वादग्रस्त मुद्दा उपस्थित होतो.

पर्यटक, पिसांचा मुकुट आणि ‘नकली’पणाचा आरोप

एकोणिसाव्या शतकात वाबानाकी समाजांच्या हातून जमीन झपाट्याने गेली. पेनॉबस्कॉटांनी १८३३ साली चार मोठे भूप्रदेश गमावले आणि त्यांच्याकडे प्रामुख्याने नदीतील बेटे उरली. शिकार आणि मुक्त भ्रमंती यांवर चालणारे जीवन अशक्य झाले, तशी हस्तकलेची विक्री हा चरितार्थाचा आधार बनला. शतकाच्या मध्यापासून माउंट डेझर्ट बेटावरील बार हार्बर हे श्रीमंतांचे उन्हाळी ठिकाण म्हणून पुढे आले. वाबानाकी कुटुंबे तेथे दर उन्हाळ्यात तळ टाकू लागली. अ‍ॅशच्या लाकडाच्या पट्ट्यांच्या टोपल्या, सालीचे डबे आणि त्यांच्या जोडीला मूळगदा ती विकत असत. कित्येक गदांवर ठिकाणाचे नावही कोरलेले वा रंगवलेले असे.

याच काळापासून गदांवरील चेहऱ्यांना पिसांचा भरगच्च मुकुट येऊ लागतो. असा मुकुट वाबानाकींचा नव्हे; तो मैदानी प्रदेशातील समाजांचा. बफेलो बिलचे ‘वाइल्ड वेस्ट’ खेळ १८८३ साली सुरू झाले आणि ‘इंडियन’ म्हणजे पिसांचा मुकुट असे समीकरण सामान्य अमेरिकन माणसाच्या मनात पक्के झाले. गिऱ्हाइकाला इंडियन ओळखू यावा म्हणून पेनॉबस्कॉट कारागिराने तो मुकुट कोरला. पुढे या प्रभावाला घरगुती वाटही मिळाली. पेनॉबस्कॉट गायिका लुसी निकोलर आणि तिचा ओक्लाहोमातील कायोवा समाजाचा पती ब्रूस पूलॉ यांनी १९४० च्या दशकात इंडियन आयलंडवर चक्क मैदानी पद्धतीच्या उंच तंबूच्या आकाराचे दुकान थाटले. १९५० साली बेटाला पूल झाला आणि गिऱ्हाईक मोटारीने दारात येऊ लागले.

अनेक संग्राहकांनी या मुकुटधारी गदा ‘पर्यटकी माल’ म्हणून बाजूला सारल्या. हा निवाडा घाईचा होता. मुकुट ही काळाची खूण आहे. तो कोरलेली गदा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची किंवा त्यानंतरची असावी, असा तर्क त्यावरून करता येतो. पण त्याच गदेची मूठ पाहिली तर तेच खाचकाम, तीच वाकडी सुरी आणि तीच उलट धरलेल्या झाडाची रीत दिसते. विकण्यासाठी केलेली वस्तू परंपरेबाहेरची ठरत असेल, तर ज्या समाजाला विकण्यावाचून जगता आले नाही त्याची दीडशे वर्षे परंपरेतून वगळावी लागतील. बोस्टनच्या चिल्ड्रन्स म्युझियममधील संग्रहावर १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जोन लेस्टर यांनी न्यू इंग्लंडमधील मूलनिवासी कला संपलेली नाही हे आग्रहाने मांडले. त्यानंतर या विक्रीच्या वस्तूंकडे पाहण्याची दृष्टी बदलू लागली.

उलट दिशेच्या मोहापासूनही सावध राहावे लागते. चार्ल्स लेलँड यांनी १८८४ साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहात एक कथा आहे. ग्लुस्कॅप या आद्य वीराने अ‍ॅशच्या झाडांवर बाण सोडले आणि त्यांच्या सालीतून माणसे बाहेर आली, असे ती सांगते. मुळातून डोकावणारा माणसाचा चेहरा पाहून ही कथा आठवल्याशिवाय राहत नाही. तथापि कथेतील झाड अ‍ॅश आहे आणि गदेचे बहुधा बर्च. कारागिरांची साक्ष नसेल तर हे नाते सुचवावे, सिद्ध झाले असे लिहू नये.

हाताची ओळख

वाबानाकी कलेत सही करणारे कारागीर होऊन गेले आहेत. पॅसमाक्वॉडी नेता तोमा जोसेफ (१८३७-१९१४) बर्चच्या सालीवर चित्रे कोरी आणि त्यांत घुबडाची आकृती आपली खूण म्हणून वापरी. कँपोबेलो बेटावर उन्हाळा घालवणाऱ्या रूझवेल्ट कुटुंबाशी त्याचा परिचय होता. त्याची सालीवरील कामे त्यामुळे निश्चितपणे ओळखता येतात. जुन्या मूळगदांवर मात्र सही क्वचितच असते. तेथे डोळ्यांची ठेवण, ओठांची रेषा, काटे तासण्याचा कोन, खाचांची खोली व अंतर यांवरून एका हाताच्या गदा एकत्र लावाव्या लागतात. चित्रकलेच्या इतिहासात रुळलेली ही पद्धत येथेही उपयोगी पडते. मात्र मूळच वेडेवाकडे असल्याने चेहऱ्याची ठेवण किती लाकडाची आणि किती कारागिराची हे वेगळे काढताना चूक होऊ शकते. मुठीवरील खाचकामाला ही अडचण नाही, म्हणून हात ओळखताना मुठीला अधिक वजन द्यावे.

या कामात सर्वांत जाणकार दृष्टी स्वतः कोरणाऱ्यांची ठरली आहे. पेनॉबस्कॉट कारागीर स्टॅन नेपच्यून यांनी मूळगदा कोरण्याबरोबरच संग्रहांतील जुन्या गदांचा अभ्यास केला. कोणता काटा एका ओढीत तासला आणि कोठे सुरी थांबली हे ज्याने स्वतः ओढून पाहिले आहे, त्याला जे दिसते ते केवळ नोंदपत्रिका वाचणाऱ्याला दिसत नाही.

अस्सलतेला अमेरिकेत कायद्याचीही बाजू आहे. १९३५ साली मूलनिवासी हस्तकलेच्या संरक्षणासाठी पहिला कायदा झाला. १९९० साली तो अधिक कडक करण्यात आला आणि मूलनिवासी समाजाचा सदस्य नसलेल्याने केलेली वस्तू त्या समाजाची म्हणून विकणे हा दंडनीय गुन्हा ठरला. कायदा विचारतो तो प्रश्न वस्तू किती जुनी आहे हा नाही, लढाईत वापरली होती का हाही नाही. ती कोणी केली, एवढेच तो विचारतो. एकोणिसाव्या शतकातील नोंदपत्रिकांवर नेमकी हीच जागा कोरी राहिलेली आहे.