मोडीतून वाचलेलं पितळी इंजिन

लोखंड गंजतं, लाकडाला वाळवी लागते. पितळेचं तसं काही होत नाही, पण पितळेला मोडीत भाव येतो आणि तोच त्याचा खरा शत्रू. माळा आवरायला काढला की घंगाळ, समई, तपेली तराजूत जातात. एखादी वस्तू भांडं नसून दुसरंच काही आहे, हे बघायला त्या गडबडीत कुणाला वेळ असतो?

आपल्या सी विंगमधल्या एका घरात असंच एक वाफेचं पितळी इंजिन निघालं. टेंडर धरून फूटभराहून थोडं लांब. घरातले आजोबा बोटीवर नोकरीला होते. त्यांनी ते १९६०च्या सुमारास जपानच्या एका बंदरातून आणलेलं. बरीच वर्षं माळ्यावर पडून होतं. मोडवाला दारात उभा असताना सूनबाईंनी सहज चाक फिरवून पाहिलं, ते फिरलं, आणि इंजिन घरात राहिलं. ते दुरुस्त करून रंगवायचं काम आम्ही तीन-चार निवृत्त मंडळींनी अंगावर घेतलं. त्या निमित्ताने जी माहिती जमली ती स्मरणिकेसाठी लिहितो आहे.

छोट्या पितळी इंजिनांची सुरुवात झाली ती एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात, खेळणी म्हणून. स्पिरिटचा दिवा लावायचा, इवल्याशा बॉयलरमध्ये पाणी तापवायचं, की इंजिन जमिनीवरच धावायचं. रूळ नव्हतेच. मागे पाण्याची रेघ उमटायची, म्हणून इंग्रजांनी त्यांना ‘बर्मिंगहॅम ड्रिबलर’, म्हणजे लाळगळं, असं नाव ठेवलं. पितळ वापरायचं कारण सोपं: ते वाकतं, कापता येतं, डाख चांगला धरतं आणि पाण्याने गंजत नाही. पुढे १८९१ मध्ये जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने रुळांची ठरावीक मापं बाजारात आणली आणि खेळण्यातल्या रेल्वेला शिस्त आली.

आपल्या सी विंगमधल्या इंजिनाची कथा मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरची. १९४५ ते १९५२ जपान दोस्तराष्ट्रांच्या ताब्यात होता. तिथे आलेल्या अमेरिकन सैनिकांमध्ये रेल्वेचे शौकीन पुष्कळ. जपानकडे कच्चा माल थोडा, पण बारीक कामाचा हात पक्का. टोकियोच्या गिन्झा भागातलं तेनशोदो हे घड्याळं-दागिन्यांचं दुकानही या धंद्यात उतरलं. १९४९ पासून १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन हा दर बांधलेला होता, त्यामुळे अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला हाताने केलेलं इंजिनही परवडायचं. अमेरिकेतले आयातदार आराखडे आणि फोटो पाठवायचे. जे इंजिन आयुष्यात पाहिलं नाही ते जपानी कारागीर ८७ पट लहान करून जोडायचे. येन महागला तसं हे काम दक्षिण कोरियात गेलं.

आता यातला योगायोग बघा. जपानात ही इंजिनं घडत होती त्याच वर्षांत अमेरिकेत खरी इंजिनं मोडीत निघत होती, कारण डिझेल आलं होतं. आपल्याकडचं इंजिन हडसन जातीचं आहे: पुढे चार लहान चाकं, मध्ये सहा मोठी, मागे पुन्हा चार लहान. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेकडे अशी २७५ इंजिनं होती आणि न्यूयॉर्क–शिकागो मार्गावरच्या मानाच्या गाड्या ती ओढायची. आज त्यांतलं एकही शिल्लक नाही. संग्रहालयातसुद्धा नाही. खरं इंजिन भट्टीत गेलं, त्याची पितळी नक्कल सातासमुद्रापार आपल्या माळ्यावर आली, आणि तीही तराजूपर्यंत पोहोचली होती.

आता दुरुस्तीबद्दल. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. मग एकेक स्क्रू काढून गोळ्यांच्या डब्याच्या कप्प्यांत ठेवला. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासणं नाही. तोंडाला मास्क, हातात मोजे आणि रंग मऊ करून ओलाच काढायचा. पितळ उजळायला चिंचेचा कोळ चालतो, पण मीठ न घालता आणि थोडाच वेळ. लगेच खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढून भरपूर धुवायचं.

अमोनिया असलेलं पॉलिश मात्र वर्ज्य. याला इतिहासाचा पुरावा आहे, आणि तो आपल्याच देशातला. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप भेगा पडायच्या. काडतुसं तबेल्यांत ठेवलेली असत. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि ठोकून आकार दिलेल्या पितळेत उरलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की धातू तडकतो. याचा नीट उलगडा व्हायला १९२१ साल उजाडलं. इंजिनाचा पत्राही दाबून, वाकवूनच केलेला असतो.

सुटलेले सांधे डाख देऊन जोडले. डाख म्हणजे शिसं आणि कथील. कल्हईवाला वापरतो तेच कथील. साधारण १९० अंशांना तो वितळतो, म्हणून शेजारचा चांगला सांधा सुटू नये यासाठी त्यावर ओला कापूस ठेवावा लागतो. पावसाळ्यात फवारा मारला तर रंगावर पांढरट झाक येते, म्हणून रंगकाम दिवाळीनंतर धरलं. आधी प्रायमर, मग पातळ पातळ हात. छोट्या वस्तूवर निव्वळ काळा रंग डोळ्यांना खोटा वाटतो, त्यामुळे त्यात थोडा राखाडी मिसळला. चाकांच्या कडा कोऱ्या ठेवल्या, कारण रुळातली वीज तिथूनच मोटारपर्यंत जाते.

खरा पेच रंगाचाच होता. ही इंजिनं बहुधा बिनरंगाची, नुसतं पारदर्शक लॅकर लावून विकली जायची; रंग ज्याचा त्याने द्यायचा. आजोबांनी ब्रशने हिरवा ऑइलपेंट दिला होता आणि टेंडरवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं ‘जी.आय.पी.’! म्हणजे अमेरिकेचं इंजिन, जपानची घडण, आणि नाव आपल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर–ठाणे गाडी सोडणारी ती कंपनी. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत विलीन झाली, पण आजोबांचं बालपण जी.आय.पी.च्या गाड्यांतच गेलेलं.

नातू म्हणाला, खरं हडसन काळं होतं, सगळं काळंच करू या. त्याचंही चूक नव्हतं. पण ‘मूळ रंग’ म्हणजे तरी कुठल्या दिवसाचा? १ जून १९३० ला दख्खनची राणी सुरू झाली तेव्हा तिचा एक रेक रुपेरी होता, त्यावर लाल पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. आपल्या डोळ्यांसमोर मात्र नंतरचीच राणी येते. दोन्ही खऱ्याच. शेवटी आजींनी निकाल दिला, “इंजिन कुणाचंही असू दे, अक्षर यांचं आहे.”

इंजिनाचा रंग पोपडे धरून सुटत होता आणि डाखासाठी तो काढणं भागच होतं, म्हणून इंजिन काळं झालं. टेंडरचा रंग घट्ट होता. तो हलक्या हाताने पुसून वर पारदर्शक थर दिला, बस्स. बघायला येणारे हटकून विचारतात, “टेंडर रंगवायचं राहिलं वाटतं?” राहिलेलं नाही, मुद्दाम ठेवलं आहे. कुणी आणलं, काय दुरुस्त केलं, कुठला रंग वापरला, हे सगळं एका कागदावर तारखेसकट लिहून पेटीच्या तळाला चिकटवलं आहे. पुढच्या पिढीला आमचा काळा रंग नको वाटला, तर त्यांना तो काढता येईल.

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत होती. कुणाच्या लग्नात, कुणी दिलं, कुठल्या साली, सगळं कोरलेलं. तेव्हा सभासदांना एवढीच विनंती: माळ्यावरचं पितळ तराजूत घालण्याआधी एकदा उलटं करून बघा, आणि काही लिहिलेलं दिसलं तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. भाव काय, तो उद्याही मिळेल.