सात कोटींची शिल्लक

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानादुकानातून नव्या वह्या पाटावर येतात. त्यांना हळदकुंकू लागते, पहिल्या पानावर 'श्री' उमटते. घरातली हिशेबाची वही बहुधा फडताळातच राहते. आणि आपणा सर्वांची मिळून जी एक मोठी वही असते, सरकारची नि नगरपालिकेची, तिची तर कोणाला आठवणही होत नाही. त्या वहीत आम्हालाही डोकावू द्या, असे म्हणणारी माणसे आपल्याकडे केव्हा निघाली, हे पाहण्याचा नाद मला काही वर्षांपूर्वी लागला. नाद लागला तो गणित शिकवता शिकवता. का, ते पुढे येईलच.

हिंदुस्थानचे पहिले अंदाजपत्रक जेम्स विल्सन या गृहस्थाने १८ फेब्रुवारी १८६० रोजी कलकत्त्यास मांडले. सत्तावनच्या उठावाने खजिन्याला भगदाड पडले होते, ते बुजवण्यासाठी त्याने प्राप्तिकर आणला. ज्यांच्याकडून तो घ्यायचा त्यांना कोणी विचारले? ज्या कौन्सिलात तो मांडला तिथे एकही हिंदी माणूस नव्हता. विल्सन त्याच वर्षी वारला. त्याचा कर मात्र निरनिराळी रूपे घेत आजवर जिवंत आहे.

पुढे दहा वर्षांनी, २ एप्रिल १८७० रोजी, पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिची मूळ कुरकुर पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी होती, म्हणजे हिशेबाचीच. या सभेचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. ज्याला सभासद व्हायचे असेल त्याने निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. मतपेटी नव्हती, मतदारयादी नव्हती. तरी 'तू कोणाच्या वतीने बोलतोस?' या साहेबाच्या प्रश्नाला उत्तर तयार! दुपारच्या उन्हात पगडी सावरीत, वाड्यावाड्यांतून सह्या गोळा करीत हिंडणारे ते गृहस्थ मला डोळ्यांपुढे दिसतात. सह्या देणाऱ्यांत बायका नसाव्यात, हेही ओघाने आलेच.

ही खटपट करणारे गणेश वासुदेव जोशी. लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणत. १८७१ साली न्यायमूर्ती रानडे पुण्यास आले आणि सभेच्या अर्जांना आकड्यांचे बळ मिळू लागले. तिकडे विलायतेत हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चौकशी करण्यास पार्लमेंटाने समिती नेमली होती. तिच्यापुढे १८७३ साली दादाभाई नौरोजींनी साक्ष दिली. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची हकीकत गोळा करून सरकारला कळवली. सरकारला ती गोड लागली असेल असे नाही. पण खेड्यातल्या उपाशी माणसाची बातमी आणि खजिन्यातला आकडा यांची गाठ घालायला आपली माणसे तेव्हापासून शिकली.

आता दुसरे ग. व्यं. जोशी. सार्वजनिक काकांशी यांचा घोटाळा पुष्कळजण करतात, कारण इंग्रजीत दोघांची आद्याक्षरे एकच. हे गणेश व्यंकटेश, सरकारी शाळेतले शिक्षक; सोलापूरच्या हायस्कुलाचे हेडमास्तर झाले. दिवसा मुलांना शिकवावे आणि मग सरकारचे छापील अहवाल घेऊन बसावे, हा त्यांचा क्रम. सभेच्या त्रैमासिकात त्यांचे लेख आले ते बहुतेक नावाशिवाय. सरकारी नोकराने सरकारचा हिशेब तपासायचा म्हणजे दुसरा मार्ग काय? आम्हा मास्तरमंडळींच्या जातीत असा माणूस होऊन गेला, याचा मला उगाचच अभिमान वाटतो.

त्यांच्याकडून आणि रानड्यांकडून आकडे वाचायला शिकले ते गोपाळ कृष्ण गोखले. तेही शिक्षक, आणि अंकगणिताच्या पुस्तकाचे कर्ते! १८९७ साली विलायतेत वेल्बी कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातील सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली होती. बोलण्याची, बरे का, मत देण्याची नव्हे. पाहुण्याने आमटी खारट म्हणावी, पण पळी हातात धरू नये, तसा प्रकार.

२६ मार्च १९०२ रोजी, लॉर्ड कर्झनच्या अध्यक्षतेखाली, गोखले वरिष्ठ कौन्सिलात अंदाजपत्रकावर प्रथम बोलायला उठले. सात कोटींची शिल्लक पडली म्हणून अर्थमंत्री लॉ साहेबाचे अभिनंदन चालले होते. गोखल्यांनी सांगितले की या अभिनंदनात मला मनापासून सामील होता येत नाही. का? शिल्लक कशी पडली ते पाहा. विलायतेस दरसाल पौंडांत रक्कम पाठवावी लागे. रुपया घसरला, पौंड महागला, तूट आली. म्हणून कर वाढले. मिठावरचा कर १८८८ साली मणामागे दोन रुपयांचा अडीच रुपये झाला. पुढे रुपया सोळा पेन्सांवर चढवून बसवला. तूट गेली, पण वाढवलेले कर तसेच राहिले. १८९६-९७ चा दुष्काळ झाला, १८९९-१९०० चा त्याहून भयंकर झाला. लोक अन्नावाचून मरत असता तिजोरी फुगत होती. हा भरभराटीचा आकडा नव्हे, लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतल्याचा आहे, एवढे त्यांनी सरकारच्याच पुस्तकातले आकडे घेऊन सिद्ध केले. या भाषणाच्या तयारीत सोलापूरकर जोशीमास्तरांचा हात होता.

सभागृहात सरकारी सभासदांचे बहुमत होते. भाषणाने एक पैही हलायची नव्हती. तरी पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठाचा कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीडावर, १९०७ मध्ये एका रुपयावर. पाचशे ते हजार रुपये वार्षिक मिळकतीवरचा प्राप्तिकरही १९०३ सालीच गेला. सगळे श्रेय गोखल्यांचे म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण मीठ प्रत्येक घरात लागते, आणि त्याचा भाव कौन्सिलातल्या हिशेबाशी बांधलेला आहे हे त्यानंतर फारसे कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

आता सरकार आपले, मतही आपले. पण पाच वर्षांतून एकदा मत दिले म्हणजे वहीत डोकावण्याचे काम संपते काय? ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ साली वस्तीवस्तीत सभा भरवून कोणते काम आधी करायचे हे लोकांनाच ठरवू दिले. सार्वजनिक सभेच्या पुण्यातही २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून महापालिकेने नागरिकांकडून कामे मागवण्याची प्रथा पाडली. क्षेत्रीय कार्यालयातून अर्ज घ्यावा, आपल्या प्रभागातले काम सुचवावे: पदपथ, दिवा, बसथांबा, बाकडे. एका कामाची मर्यादा पाच लाखांची धरली होती. अर्ज साधारण गणपतीच्या आगेमागे मागवतात, कारण आयुक्तांचे अंदाजपत्रक जानेवारीच्या सुमारास तयार व्हावे लागते. फेब्रुवारीत ओरडणाऱ्याला पुढल्या वर्षाची वाट पाहावी लागते.

मी सातवीच्या वर्गाला हा अर्ज गणित म्हणून घातला. पहिल्या दिवशी सगळ्यांनी लिहिले, 'आमचा रस्ता चांगला करावा.' मी म्हटले, बाळांनो, ही देवाजवळची प्रार्थना झाली. जोशीमास्तरांनी याला मार्क दिले नसते. मग मुले टेप घेऊन बाहेर पडली. कोणत्या खांबापासून कोणत्या खांबापर्यंत पदपथ उखडला आहे, किती फूट, किती फरशा, शाळा सुटताना तिथून किती मुले जातात, हे त्यांनी दोन दिवस मोजले. एक मुलगी तर चालताना काठी टेकणारी माणसे वेगळी मोजून आली; ते माझ्याही डोक्यात आले नव्हते. सह्यांसाठी मुले घरोघर गेली. या खेपेला पहिली सही एका आजीबाईंची होती, आणि खाली पत्ता घालायला त्या विसरल्या म्हणून त्यांच्याकडे पुन्हा जावे लागले.

अर्जाच्या दोन प्रती केल्या. एक कार्यालयात दिली, दुसरीवर तारखेचा शिक्का मारून घेतला. ती पोच वर्गाच्या कपाटात, खडूच्या डब्याखाली ठेवली आहे. जानेवारीत अंदाजपत्रक छापून आले की मुले ती काढून ताडून पाहणार आहेत.