पंगत आणि शुभवर्तमान

बायबलमधील वचनांचा अर्थ लावताना त्यांच्यामागील समाजाची उतरंड, अर्थव्यवहार आणि रूढी यांचा समाजशास्त्र व मानववंशशास्त्र यांच्या साहाय्याने शोध घेणारी अभ्यासपद्धती १९७० च्या दशकात पाश्चात्त्य विद्यापीठांत आकाराला आली. गेर्ड थाइसेन यांनी १९७७ मध्ये येशूच्या चळवळीचे समाजशास्त्र मांडले, तर नॉर्मन गॉटवाल्ड यांनी १९७९ मध्ये प्राचीन इस्राएलचा उगम शेतकऱ्यांच्या बंडात शोधला. या पद्धतीला ‘विटाळ’ ही महत्त्वाची संकल्पना मेरी डग्लस यांच्या १९६६ च्या ग्रंथातून मिळाली. लेवीय या पुस्तकातील भक्ष्याभक्ष्याचे नियम हे समाजाच्या सीमा राखणारी व्यवस्था होत, असे त्यांनी दाखविले आणि त्या विवेचनासाठी भारतातील सोवळ्या-ओवळ्याच्या क्षेत्राभ्यासांचाही आधार घेतला.

पाश्चात्त्य वाचकाला ही संकल्पना दूरचा, अपरिचित समाज समजून घेण्यासाठी हवी होती. भारतीय ख्रिस्ती वाचकाला मात्र तो समाज घराच्या उंबरठ्यावरच भेटत होता. दक्षिण भारतातील मंडळ्यांत, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायांत, जातवार वेगळे बसण्याची पद्धत असल्याने कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये जातिभेद तत्काळ सोडण्याचा आदेश काढला. परंतु त्या काळी हा प्रश्न प्रामुख्याने चर्चच्या शिस्तीचा मानला गेला, ग्रंथाच्या अर्थाचा नव्हे.

कँडीहून १९५५ मध्ये पुण्यात आलेल्या धर्मशिक्षणसंस्थेत, म्हणजे आजच्या ज्ञानदीप विद्यापीठात, अध्यापन करणारे येशूसंघीय पंडित जॉर्ज सोरेस-प्रभू (१९२९–१९९५) यांनी हा प्रश्न थेट ग्रंथाला विचारला. जकातदार आणि ‘पापी’ म्हणून हिणवलेल्या लोकांसह येशू जेवायला बसतो, या प्रसंगांना केवळ दयाबुद्धीची उदाहरणे न मानता, शुद्धाशुद्धतेवर उभ्या असलेल्या व्यवस्थेला दिलेले ते उघड आव्हान होते, असे प्रतिपादन त्यांनी १९९२ च्या निबंधात केले आणि दलित ख्रिस्ती जनांसाठी त्याचा अर्थ उलगडला. रोटीबंदी पाहिलेल्या वाचकाला पंगत मोडण्याची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही; अंत्युखियात प्रेषित पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीतून उठला तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमक्ष का खडसावले, हेही त्याला सहज उमगते. त्याआधी १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी शोषितांच्या अनुभवातून धर्मविचार मांडण्याची गरज प्रतिपादली होती आणि तेथूनच दलित ईश्वरविद्येची वाट निघाली.

या वाचनाची खरी कसोटी ग्रंथालयात नव्हे, मंडळीच्या व्यवहारात लागते, आणि तेथील पुरावा कठोर आहे: तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या थडग्यांना इतरांपासून वेगळे करणारी भिंत एकविसाव्या शतकातही उभी होती.