ब्लॉकचेन आलं तर मतदान जास्त सुरक्षित होईल का?

"पैसे मोबाईलवरून जातात, मंग मत काहून नाही जात?" मतदानासाठी पुण्याहून अंजनगाव सुर्जीला निघालो तेव्हा मित्राने बसमध्ये विचारलं. नोकरी पुण्यात, नाव दर्यापूर मतदारसंघात. एका मतासाठी रात्रभर प्रवास. त्यामुळे प्रश्न रास्तच आहे.

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली नोंदवही. प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा 'हॅश' असतो, म्हणजे अंगठ्याच्या ठशासारखा कोड. जुनी नोंद कोणी बदलली की पुढचे हॅश जुळत नाहीत आणि गडबड उघडी पडते. ऑक्टोबर 2021 मध्ये तेलंगणातल्या खम्मम जिल्ह्यात मोबाईल मतदानाचा सराव झाला, त्यात हे तंत्र होतं.

पण ही राखण मत वहीत पोचल्यानंतरची. फोनमध्येच मालवेअर असेल तर तुम्ही दाबाल एक, जाईल दुसरंच. आणि ब्लॉकचेन ते चुकीचं मत इमानदारीने कायमचं जपेल! अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात 2018 मध्ये 'व्होट्झ' ॲप वापरलं. मत बदलता येईल अशा त्रुटी त्यात असल्याचं एमआयटीच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं. यूपीआयचे पैसे चुकीचे गेले तर पासबुकात दिसतं. मत गुप्त असतं, ते कुठे तपासणार? शिवाय घरी मत देताना तुमच्या बाजूला कोण उभं आहे, हे कोणत्याच कोडला कळत नाही.

केंद्रावर व्हीव्हीपॅटची चिठ्ठी निदान 7 सेकंद डोळ्यांना दिसते, आणि दर विधानसभा क्षेत्रातल्या 5 केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून ताळा घेतात. मतदार यादीतून नाव कधी, कोणी वगळलं, याची नोंद ब्लॉकचेनवर ठेवायला माझी हरकत नाही. मतासाठी मात्र मी अजून बसच पकडेन.